गाण्यांचं कपाट

आमच्या घरमालकांनी मला पहिल्याच भेटीत रिजेक्ट केलं होतं. मी सटाण्याहून नोकरीसाठी नाशिकला आले होते, एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम होतं, आणि इंदिरानगरमधली त्यांच्या घरावरची खोली बघायला गेले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. माझी बॅग उचलली, वजनाचा अंदाज घेतला, खाली ठेवली आणि म्हणाले, "रिजेक्ट." मला वाटलं थट्टा करताहेत, म्हणून मी हसले. ते हसले नाहीत. "एवढंसं सामान आणणारा भाडेकरू टिकत नाही," म्हणाले आणि आत निघून गेले. मागून काकू आल्या. त्यांनी मला पाणी दिलं, किल्ली दिली आणि हळू आवाजात सांगितलं, "वरचा पंखा जरा वाजतो, पण खाली ऐकू येत नाही. मी बघितलंय." पंख्याचा आवाज खाली ऐकू येतो की नाही हे कुणी कशाला तपासून ठेवेल, असं माझ्या मनात आलं आणि गेलं.

काका सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर होते. पत्रा कापणाऱ्या मोठमोठ्या प्रेस धडाधडा चालायच्या, त्यांच्यामध्ये उभं राहून काका एकेक भाग उचलायचे, माप लावायचे आणि ओके किंवा रिजेक्ट म्हणून बाजूला टाकायचे. उभं आयुष्य त्यात गेलं. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण माप काही हातातून सुटलं नाही. भाजीवाल्याची मेथी, शेजाऱ्यांचा जावई, सकाळचा पेपर, माझी नवी चप्पल, सगळ्यांना या दोनातलं एक मिळायचं. कुणी "बरं आहे" म्हटलं की चिडायचे. "बरं म्हणजे काय? बसतोय की नाही बसत, तेवढं सांगा."

प्रेसनी कान मात्र पार खाऊन टाकले होते. कानाचं मशीन मुलीने पाठवलं होतं, ते रिजेक्ट होऊन कपाटात पडलं होतं. माणसांचं बोलणं काका ओठांवरून वाचायचे, बाकी सगळं हाताने ऐकायचे. मिक्सर चालू असला की त्यावर तळवा ठेवायचे, पाण्याच्या मोटरीवर ठेवायचे. एकदा मी स्कूटर चालू केली तर पुढे येऊन हँडलवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "मागचं बेअरिंग जाणार." मला उशीर होत होता, मी तोंड वाकडं करून निघाले. बेअरिंग आजतागायत गेलेलं नाही. सांगायचं एवढंच की काका नेहमी बरोबर असायचे असं काही नव्हतं. ते फक्त नेहमी ठाम असायचे.

काकूंचं विसरणं आधी मिठापासून सुरू झालं. मग गॅस. मग एकदा दळण घ्यायला गेल्या आणि पिठाच्या गिरणीसमोर डबा घेऊन तशाच उभ्या राहिल्या. त्या मूळच्या हरसूलच्या, वडील तिथे मास्तर. आधी मला तिथल्या बाजाराच्या गोष्टी सांगायच्या, नागलीचे पापड करून वर आणून द्यायच्या. हळूहळू गोष्टी आटल्या. शेवटी फक्त "जेवलीस का?" राहिलं, आणि एका उन्हाळ्यात तेही गेलं. बघायच्या, गोड हसायच्या, बोलायच्या नाहीत. काका त्यांना न्हाऊ घालायचे, वेणी घालायचे. वेणी वाकडी यायची. ती सोडून पुन्हा घालायचे.

डॉक्टरांनी सांगितलं की जुनी गाणी ऐकवून बघा, माणूस नावं विसरतो पण गाणं बऱ्याचदा राहतं. त्या संध्याकाळी काका पहिल्यांदाच जिना चढून माझ्या दाराशी आले.

"हिला कोणतं गाणं आवडतं?"

"मला विचारताय?" मी म्हटलं. "काका, हे तुम्हाला माहीत पाहिजे."

"मला कसं माहीत असणार? आमच्या घरात गाणं नव्हतंच. रेडिओ होता. पण तो लागलेला मी कधी बघितला नाही. सेल तेवढे आणून द्यायला लागायचे."

मग मोबाइलवर सुरू झालं. भजनं, भावगीतं, जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, सिनेमातली. काकूंना खुर्चीत बसवायचं, समोर फोन धरायचा आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं. गाणं संपलं की काका म्हणायचे, "रिजेक्ट." आवाज अगदी मवाळ असायचा, जणू काकूंना ऐकू जाऊ नये. रोज खाली गेले की तो शब्द ऐकायला मिळायचा आणि मला त्या माणसाचा राग यायचा. कशाला एवढी परीक्षा घ्यायची बिचारीची? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

एक दिवस ते अंगणात एक जुना कॉम्प्युटर पुसत बसलेले दिसले. बंद पडलेल्या एका टायपिंग क्लासमधून उचलून आणला होता. "मला सुचली ती सगळी लावून झाली," ते म्हणाले. "आता लोकांना सुचू दे. लोक स्वतःचं गाणं लावतील, ही तिथे बसलेली असेल. एखादं बसेल."

बागेत महापालिकेचं विरंगुळा केंद्र आहे, ज्येष्ठांसाठी. कॅरम, पेपर, प्लास्टिकच्या खुर्च्या. तिथे एक पेटी ठेवायची, बटण दाबलं की गाणं लागेल. इंग्रजीत याला ज्यूकबॉक्स म्हणतात, मी माझं ज्ञान पाजळलं. "बॉक्स नाही, कपाट आहे," काका म्हणाले. खरंच ते त्यांच्या स्वयंपाकघरातलं भांड्यांचं कपाट होतं. प्लायवूडचं. ताटं काढून काकांनी त्यात कॉम्प्युटर बसवला, वरच्या फळीत स्पीकर बसवले. कीबोर्ड उघडून त्याच्या पोटातल्या प्रत्येक अक्षराला एकेक वायर जोडली. वायरीच्या दुसऱ्या टोकाला कपाटाच्या दारावर बटण हवं होतं, आणि इथेच काकांचं डोकं चाललं. आमच्याकडे जुने बंगले पाडून इमारती उभ्या राहतात. पाडापाडी चालू असेल तिथे काका स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जायचे आणि दारावरच्या बेलची बटणं काढून आणायचे. गोल पांढरी, चौकोनी तपकिरी, घंटेचं चित्र असलेली. कपाटाच्या दारावर ती रांगेने बसली तेव्हा असं वाटत होतं की त्या एका दारामागे शंभर बिऱ्हाडं राहतात.

"म्हाताऱ्या माणसाला कीबोर्ड कळत नाही," ते म्हणाले. "बेल सगळ्यांना कळते."

ते अगदी खरं होतं. तेवढंच खरं पुढे नडलं.

केंद्राचे अध्यक्ष एक निवृत्त उपमुख्याध्यापक होते. त्यांना उद्घाटन केल्याशिवाय पाण्याचा माठसुद्धा चालू करता येत नसे. हार, नारळ, फोटो झाले. पहिलं बटण गणपतीच्या आरतीचं होतं. अध्यक्षांनी त्यावर अंगठा ठेवला आणि फोटोसाठी कॅमेऱ्याकडे बघत तो तसाच दाबून धरला. फोटो काढणाऱ्याला उन्हामुळे नीट दिसत नव्हतं, त्यामुळे अंगठा बराच वेळ राहिला. कॉम्प्युटरचं बटण दाबून धरलं की तेच अक्षर पुन्हा पुन्हा उमटत जातं आणि तितक्या वेळा गाणं रांगेत लागतं हे आम्हाला कुणाला सुचलं नव्हतं. आरती लागली. सगळे उठले, टाळ्या वाजवू लागले. आरती संपली आणि पुन्हा लागली. आरती चालू असताना बसणार कोण? गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली माणसं, भिंतीला टेकून, खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली आणि टाळ्या वाजवत राहिली. बंद करायला हात पुढे करायचीही कुणाची छाती होईना, आरती मध्येच तोडायची कशी? शेवटी बागेचा वॉचमन, सुरगाण्याकडचा, आत आला आणि त्याने सरळ मेन स्विच पाडला. "म्हातारी मानसं पडतील ना, साहेब," तो अध्यक्षांना म्हणाला. "देवाला बी कळतं. पुरं झालं."

मी हसून हसून दमले होते. काका हसत नव्हते. ते काकूंकडे बघत होते. काकू पहिल्यापासून शेवटपर्यंत अगदी ठेक्यात टाळ्या वाजवत होत्या.

"काका, बघा ना, काकू किती छान," मी म्हटलं.

"हे हातांचं आहे. तिचं नाही," ते म्हणाले. "रिजेक्ट."

त्यानंतर रोज संध्याकाळी ते काकूंना हात धरून केंद्रात न्यायचे, कपाटासमोरच्या खुर्चीत बसवायचे, आणि आलेल्या प्रत्येकाला गाठून गाणं विचारायचे. त्यांचा एक नियम होता. पहिलं तोंडात येईल तेच गाणं घ्यायचं. कुणी "थांबा हं, जरा विचार करून सांगतो" म्हटलं की काका पाठ फिरवायचे. "विचार करून सांगितलेलं गाणं दुसऱ्याचं असतं." लोक वैतागायचे, पण सांगायचे. सांगितलेलं गाणं काका शोधून कॉम्प्युटरमध्ये भरायचे आणि एक बटण त्या माणसाला द्यायचे. वॉचमनने त्याच्या गावाकडचं, भात लावतानाचं गाणं सांगितलं. ते कुठे मिळेना. काकांनी त्यालाच कपाटापुढे उभं करून गायला लावलं आणि भरून घेतलं. त्या गाण्यात मागे कुत्रं भुंकतं. ते कुत्रं केंद्रात फार लोकप्रिय झालं.

मी सुट्टीच्या दिवशी जायचे, काकूंशेजारी बसायचे. तिथेच पहिल्यांदा ते झालं. कुणीतरी उठून बटण दाबलं आणि काकू उठून उभ्या राहिल्या. पदर खांद्यावर सारखा केला, केसांवरून हात फिरवला आणि दाराकडे बघू लागल्या.

काकांना वेड लागायचं बाकी राहिलं. "ओळखलं! हे गाणं ओळखलं तिने. कोणतं आहे? पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. काकू पुन्हा उठल्या. पण मग दुसऱ्या गाण्यालाही उठल्या, आणि कुत्र्याच्या गाण्यालाही. मला कळलं होतं, माझ्याच्याने सांगवेना. काकांनीच शेवटी कॉम्प्युटर बंद केला आणि नुसतं बेलचं बटण दाबलं. टिक् एवढाच आवाज झाला. काकू उठल्या, पदर सारखा केला, दाराकडे बघत राहिल्या. बेल दाबली म्हणजे कुणीतरी आलं, दार उघडायला पाहिजे, एवढं त्यांच्या अंगात राहिलं होतं. गाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

काका त्यांना धरून परत खुर्चीत बसवायला गेले. त्या दिवशी ते रिजेक्टसुद्धा म्हणाले नाहीत.

आता सोडतील, असं मला वाटलं. पण त्या पावसाळ्यात आणि पुढच्या हिवाळ्यात रोज जात राहिले. काकू वाळत चालल्या, घास तोंडातच धरून ठेवायला लागल्या. केंद्रातले लोक आधी कौतुकाने गाणी सांगायचे, मग कपाटाकडे जायचे टाळू लागले. एका म्हातारीने नुसतं बसून आपल्या तोंडाकडे बघावं आणि तिच्या नवऱ्याने तिच्या तोंडाकडे बघावं, असल्या जागी गाणं ऐकायला कुणाला जीव होणार? अध्यक्ष एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही त्यांना समजावून सांगा. इथे लोक विरंगुळ्यासाठी येतात."

मी काकांना जिन्यात गाठलं. "काका, समजा काकूंचं गाणंच नसेल तर? कित्येकांचं नसतं."

त्यांनी कठड्यावर हात ठेवला होता, जणू कठड्यातून काही ऐकू येत होतं. "ड्रॉइंगशिवाय पार्ट नसतो," ते म्हणाले. "कुठेतरी आहे. मला दाखवलेलं नाही तिने, एवढंच."

पलीकडच्या गल्लीत पूर्वी शिवणक्लास चालवणाऱ्या एक बाई होत्या. त्या मुलाकडे राहायला गेल्या होत्या, परत आल्या आणि केंद्रात येऊ लागल्या. काकांनी त्यांना पहिल्याच दिवशी गाठलं. बाईंनी विचार न करता एका जुन्या सिनेमातलं गाणं सांगितलं. सिनेमा कुणाला आठवत नव्हता, गाणंही फारसं कुणाला माहीत नव्हतं. "दुपारी रेडिओवर लागायचं," बाई म्हणाल्या. "मशीन थांबवून ऐकायचो आम्ही बायका."

काकांनी ते शोधून भरलं आणि रविवारी बाईंनी स्वतःच्या बटणावर बोट ठेवलं. काकू नेहमीप्रमाणे उठल्या, मी त्यांना बसवलं. गाणं सुरू झालं. थोड्या वेळाने मला माझ्या पायाला काहीतरी लागल्यासारखं झालं. खाली बघितलं तर काकूंचा पाय हलत होता, चप्पल फरशीवर ठेका धरत होती. मी वर बघितलं. काकू गात होत्या. आवाज नव्हता, पण ओठ शब्दाशब्दाला बरोबर हलत होते, आणि कडव्याच्या आधी जिथे गाणारी थोडी थांबते तिथे त्याही थांबल्या, आणि मग आवाजही आला. बारीक, पोरीचा. केंद्रातला कॅरम थांबला.

काका कपाटाच्या फळीला हात लावून उभे होते. त्यांना काकूंचा आवाज ऐकू येत नव्हता, पण ओठ दिसत होते. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. गाणं शेवटच्या कडव्याला आलं तसे ते घाबरे झाले. आता हे संपणार. कपाटाची अशी सोय होती की गाणं चालू असताना दुसरं बटण दाबलं की ते रांगेत जाऊन बसायचं. तेच गाणं पुन्हा लागावं म्हणून काकांनी घाईघाईने हात लांब केला आणि ती बेल दाबली.

काकूंनी ते बघितलं. गाणं तोंडातल्या तोंडात तुटलं. त्यांनी पदर ओढला आणि माझा दंड घट्ट धरला. एवढ्या महिन्यांनी मी त्यांचं पहिलं वाक्य ऐकलं, अगदी कानाशी, कुजबुजल्यासारखं.

"बंद कर, बंद कर ते. हे आले."

त्यांनी माझा दंड हलवला.

"अगं, हे आले. डोकं दुखतं त्यांचं. बंद कर ना लवकर."

रेडिओचे सेल का संपायचे ते मला तेव्हा कळलं.

"काय म्हणाली?" काका विचारत होते. "काय म्हणाली ती? सांग की. बोलली ना?"

खोटं सांगायला पाहिजे होतं असं अजूनही वाटतं. पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते, ओठ वाचत होते, आणि मला दुसरं काही सुचलं नाही. मी म्हटलं, "बंद करा म्हणताहेत. हे आले, म्हणताहेत."

काकांनी माझ्या तोंडावरची नजर काकूंकडे नेली. गाणं संपलं आणि त्यांनी रांगेत लावलेलं तेच गाणं पुन्हा सुरू झालं. काकू अंग चोरून माझ्या मागे सरकल्या. काकांनी हात पुढे केला आणि कपाट बंद केलं.

घरी जाताना काकांनी काकूंचा हात धरला होता. गेटपाशी आल्यावर एवढंच म्हणाले, "आठ तास प्रेसचा आवाज डोक्यात असायचा. घरी आलो की टाचणी पडली तरी सहन व्हायचं नाही. एकदाच ओरडलो असेन. लग्न झाल्या झाल्या." मग कुलूप काढता काढता म्हणाले, "पुन्हा ओरडायची वेळच तिने आणली नाही."

काही दिवस ते केंद्रात गेले नाहीत. मला वाटलं, संपलं. मग एका संध्याकाळी मी लॅबमधून येत होते आणि बागेवरून जाताना ते गाणं ऐकू आलं. आत गेले. केंद्रात तिघंचौघं होती. कपाटाच्या दारावर शिवणक्लासच्या बाईंचं बटण होतं तिथे भोक दिसत होतं. काकांनी बटण काढून टाकलं होतं आणि कपाट चालू केलं की तेच गाणं आपोआप लागेल असं करून ठेवलं होतं. बेल कुणी दाबायची नाही.

काकूंचा पाय हलत होता. मधेच त्या दचकल्या, दाराकडे बघितलं आणि मग शेजारी बसलेल्या माणसाकडे वळल्या. ओळखीचं काही त्यांच्या नजरेत नव्हतं. परक्या माणसाशी बोलतात तशा अदबीने त्यांनी विचारलं, "भाऊ, हे आले का?"

काकांनी त्यांच्या ओठांवरून ते वाचलं. त्यांचं उत्तर तयार होतं. हे त्यांनी आधीही बरेचदा सांगितलेलं असणार, इतकं ते सहज आलं.

"नाही वहिनी. ते गावाला गेलेत."

"कधी यायचेत?"

"आता नाही यायचे, वहिनी. तुम्ही ऐका."

काकूंनी खांद्यावरचा पदर सैल सोडला. काकांनी कपाटाच्या फळीवर हात ठेवला, आणि काकू गाऊ लागल्या.